पेटीतल्या बाईचे ओठ

रफूवालीला ऐकू येत नव्हतं. लहानपणी ताप आला, तो डोक्यात गेला आणि उतरताना कान घेऊन गेला. बोलणं तोवर शिकून झालं होतं, ते तेवढं राहिलं. पण आपला आवाज केवढा निघतोय हे तिला कळेना. कधी कुजबुजल्यासारखी बोलायची, तर कधी दुकानातलं गिऱ्हाईक दचकून मागे सरेल एवढ्यानं. आईनं तिला रोज समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. आई फार लवकर गेली, पण जायच्या आधी लेकीच्या डोळ्यांना कान फुटलेले बघून गेली.

ती एका लाँड्रीत बसायची. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला कसर लागली, की लाँड्रीवाला ते तिच्यापुढे सरकवायचा. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणून टाकायचे. टेबल दर्शनी काचेशी, उजेडासाठी; खुर्ची मात्र तिनं भिंतीला टेकवून घेतलेली. कारण पाठीमागून कुणी येऊन खांद्यावर हात ठेवला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. ऐकणाऱ्याला माणसाआधी त्याची चाहूल येते. तिच्यापुढे माणूस एकदम उगवायचा, आभाळातून पडल्यासारखा. तिची सगळी भीती पाठीत राहायची.

अशा बाईला भुताखेतांचा सिनेमा दाखवायला नेण्याची अक्कल तिच्या धाकट्या बहिणीची. 'पेटीचा सिनेमा' म्हणून तो तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. काळापांढरा, सावल्यांनी भरलेला. एका मोठ्या घरात राहणारा डॉक्टर. त्याची बायको मेलेली. तो तिच्यासारख्या दिसणाऱ्या एका मुलीला फसवून घरी आणतो आणि उभ्या लाकडी पेटीत कोंडतो. पेटीला तोंडापुढे एवढीशी काच. बायकोसारखी निपचित राहायला ती शिकली पाहिजे, असं त्या वेड्याच्या मनात. डॉक्टरचं काम केलेल्या नटाला लोक घाऱ्या म्हणायचे, डोळ्यांवरून. मुलीचं काम करणारी नटी अगदी नवीन होती.

"थेटरात सगळे ओरडतील हं," बहिणीनं आधीच बजावलं, "तू घाबरू नकोस."

झालं उलटंच. दार करकरलं, वाद्यं गरजली, की सगळं थेटर किंचाळायचं, आणि रफूवाली शांत. तिला नुसतं दार दिसायचं. पण घाऱ्या जिन्यावरून खाली यायला लागला की तिचे हातपाय गार पडायचे, आणि तेव्हा बाकीचे शेंगा सोलत असायचे. तो घाई करत नव्हता. पायरी बघत नव्हता. हात अंगाशी ठेवून, मान जराही न हलवता, एखादं कपाट खाली उतरावं तसा उतरायचा. आणि नेहमी समोरून. पाठीमागून येणाऱ्याला ती जन्मभर भ्यायली होती. समोरून दिसत दिसत येणारी भीती तिनं पहिल्यांदा पाहिली. आता येतोय, दिसतोय, आणि तरी काही करता येत नाही!

"तुझ्याशेजारी बसायची लाज वाटते बाई," बहीण म्हणाली. "सगळ्यांचं ओरडून झालं की मग तू ओरडतेस."

मग पेटीचा प्रसंग आला. पडदाभर ती काच, काचेत नटीचा चेहरा, खालून कुठून तरी धुराची रेघ. लोक कानांवर हात ठेवून बसले, कारण ती किंकाळी म्हणे काळीज चिरत जायची. रफूवालीनं मात्र ओठ वाचले. नटी किंचाळत नव्हती. ती बोलत होती. 'दादा, पाय भाजतायत. खरंच भाजतायत. दादा, उघडा.'

पुढच्याच क्षणी डॉक्टर बाजूनं दिसला. त्याचं तोंड हललं, तो पेटीवर झेपावला, आणि उघड्या हातानं काच फोडली. लोक सांगत, याहून भयंकर काही कधी पाहिलं नाही.

घरी चालत येताना तिनं बहिणीला दिव्याच्या खांबाखाली थांबवलं. तोंड दिसल्याशिवाय तिचं बोलणं व्हायचं नाही. "ती त्याला दादा का म्हणाली?"

"कोण?"

"पेटीतली. सगळ्या सिनेमात डॉक्टर, डॉक्टर. तिथेच दादा."

"ती कुठे काय म्हणाली? नुसती किंचाळते तिथे."

"ओठ हलत होते की."

"अगं, आवाज मागून भरतात. ओठ काही का हलेनात." बहीण हसली, पण थोरलीचा चेहरा बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "असं काय बघतेस?"

"तिचे पाय खरंच भाजत होते," रफूवाली म्हणाली. रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं, एवढ्यानं म्हणाली.

त्या दिवसापासून तो सिनेमा तिच्या मागे लागला, का ती सिनेमाच्या, सांगणं कठीण. गावात तो जेव्हा जेव्हा परत लागला तेव्हा तेव्हा ती गेली. दुपारच्या खेळाला, एकटी, कडेच्या खुर्चीवर. घाऱ्याचं काम तिला तोंडपाठ झालं. त्याच्या दुसऱ्या सिनेमांनाही ती जायची. चित्रपट कितीही टुकार असो, हा माणूस दारात उभा राहिला की खोलीतली हवा बदलायची. पण पेटीच्या प्रसंगाशी आली की ती प्रेक्षक उरायची नाही. जीव मुठीत धरून बसायची आणि त्या मुलीला दर वेळी नव्यानं भाजताना बघायची. शेजारी लोक मजेत ओरडत असायचे. एकदा तिनं शेजारणीचा हात धरून सांगितलं, "ती खोटं करत नाहीये." शेजारीण उठून दुसरीकडे जाऊन बसली.

सांगणार कुणाला? लाँड्रीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सिनेमातलं सगळं खोटंच असतं," आणि कोट पुढे सरकवला. लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या दाट मिशांखाली एकही शब्द दिसेना, म्हणून तिनंच नको म्हटलं. बहिणीच्या घरात एक खोली तिची झाली. वर्षं गेली. नटी पुन्हा पडद्यावर दिसली नाही. तिला अपघात झाला, एवढंच छापून आलं होतं. घाऱ्या मात्र मरेपर्यंत राक्षसच होत राहिला. आया त्याचं नाव घेऊन पोरांना झोपवायच्या. तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. सिनेमाचा दिग्दर्शक तर त्याच्याही आधी गेला.

रफूवालीचे केस पिकले आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लागायला लागला, तेव्हा गावातल्या जुन्या थेटरनं तो सिनेमा पुन्हा लावला, आणि दारावर पाटी लिहिली की पहिल्या खेळाला पेटीतली नटी स्वतः येणार.

"जायलाच हवं," बहीण म्हणाली. "पण तोंड उघडायचं नाही. शपथ घे."

रफूवालीनं शपथ घेतली नाही.

नटीला थेटरवाल्यानं हार घातला, टाळ्या झाल्या. बारीक चणीची म्हातारी, पायघोळ झगा, हातात काठी. ती शेवटच्या रांगेत बसली. रफूवालीचं निम्मं लक्ष पडद्यावर आणि निम्मं मागे. घाऱ्या जिना उतरला, मुलीला पेटीकडे नेऊ लागला, आणि मागच्या रांगेत काठी उचलली गेली. म्हातारी अंधारात चाचपडत बाहेर निघाली होती. रफूवाली उठली. बहिणीनं तिचा पदर धरला, तो हिसडून ती गेली.

बाहेरच्या दालनात म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. कानांवर हात. दार बंद असलं तरी आतली किंकाळी तिथवर येत असणार. रफूवाली तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एका दमात बोलली:

"तुम्ही 'दादा, उघडा' म्हणालात. तुमचे पाय भाजत होते."

तिला वाटलं आपण कुजबुजलो. तिकिटाच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला, थेटरवाला धावत आला. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. "कोणी पाठवलं तुम्हाला?" तिचे ओठ थरथरत होते, पण वाचता येत होते. "काय पाहिजे तुम्हाला?"

"मला ऐकू येत नाही. मी ओठ बघते. तुमचे बघितले."

थेटरवाल्यानं रफूवालीचा दंड पकडला. "बाई, चला, पाहुण्यांना त्रास देऊ नका." ती बधेना. तेवढ्यात मागून आलेली बहीण माफी मागू लागली. म्हातारी मात्र एकटक बघत होती. मग तिनं काठीनंच थेटरवाल्याचा हात बाजूला केला.

"त्याचेही वाचता येतील?" तिनं विचारलं. "घाऱ्याचे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रफूवाली म्हातारीच्या घरी जायला निघाली, तेव्हा बहीण दारात आडवी आली.

"काय विचारणार आहे ती, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"काहीही विचारू दे. तिला बरं वाटेल ते सांग नि मोकळी हो. म्हातारं माणूस. तुझं काय जातं?"

"आणि खरं वेगळं असलं तर?"

"खरं घेऊन ती काय करणार आहे या वयात?" बहीण म्हणाली. सारी वाट रफूवालीनं याचं उत्तर शोधलं.

म्हातारीच्या खोलीत पडदे ओढलेले, टीव्हीपुढे दोन खुर्च्या. तिनं चहा विचारला नाही, खुशाली विचारली नाही. दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा जागी खुर्ची ओढली आणि सांगायला लागली.

"त्याला मी दादाच म्हणायची. मी नवी, मला काही येत नव्हतं. कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं, सगळं त्यानं शिकवलं. त्या दिवशी पेटीत शिरताना मी भ्यायले, तर म्हणाला, मी समोर आहे ना. पेटीला बाहेरून कुलूप. आत कापूस ठोकलेला. काही ऐकू येत नव्हतं, तुम्हाला येत नाही तसं. पायाखाली धूर यायला लागला. मला वाटलं, सिनेमाचा धूर. मग चटके बसले. मी ओरडतेय, सगळ्यांना वाटतंय काय छान काम करते पोरगी. आणि काचेतून मला दादा दिसला. धुरासाठी एक माणूस मशाल घेऊन पेटीपाशी बसवला होता, त्या मशालीवाल्याकडे बघून तो काहीतरी बोलला. तो बोलला, आणि जाळ वाढला."

ती घोटभर पाणी प्यायली.

"मी दवाखान्यात असताना दिग्दर्शक आला. म्हणाला, भीती खरी हवी ही कल्पना घाऱ्याची. त्यानंच मशालीवाल्याला सांगितलं, पेटवा. नंतर आवरेना तेव्हा काच फोडली. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? मी डोळ्यांनी पाहिलं होतं त्याला बोलताना. दादा भेटायला यायचा, माझा भाऊ त्याला दारातून घालवून द्यायचा. मीच सांगितलं होतं घालवायला. तो मेला तेव्हा मला बरं वाटलं." तिनं रफूवालीच्या डोळ्यांत पाहिलं. "तो काय बोलला तेवढं सांगा. चांगलं-वाईट बघू नका."

रफूवालीनं एवढ्या वेळा सिनेमा पाहिला, पण डोळे नेहमी मुलीवर. बाजूनं दिसणारा तो क्षण ती दर वेळी ओलांडून पुढे गेली होती.

म्हातारीनं टीव्हीचा आवाज बंद केला, तिथे मागून भरलेल्या किंकाळीशिवाय काही ऐकू येत नव्हतंच, आणि चित्र लावलं. स्वतः मान खाली घालून बसली. काच, चेहरा, धूर. मग घाऱ्या. अर्धा चेहरा, त्यावर सावली. ओठ हलले आणि तो वळला. संपलं.

"परत लावा."

परत. अजून एकदा. पहिलं अक्षर स्पष्ट होतं, दोन्ही ओठ मिटून उघडले: पे. त्याच्यामागे जीभ टाळूला: ट. मग तो वळायला लागायचा आणि शेवट निसटायचा. 'पेट' एवढंच. पेटवा म्हणाला असेल. किंवा पेटलंय. एका टोकाला हा माणूस खुनी, दुसऱ्या टोकाला निर्दोष, आणि मध्ये फक्त एक शेपूट.

"काय?" म्हातारीनं वर पाहिलं. "काय दिसलं?"

बहिणीचं बोलणं रफूवालीच्या जिभेवर आलं होतं. एक शब्द, की सुटका. ते गिळून ती म्हणाली, "पहिलं दिसलं. शेवटचं अजून नाही."

म्हातारीनं चित्र थांबवून थांबवून पुढे सरकवलं. त्यानं तर होतं तेही गेलं. थांबलेलं तोंड म्हणजे नुसतं भोक. "थांबवू नका," रफूवाली म्हणाली, "शब्द पळताना दिसतो. उभा केला की दिसत नाही." मग तिला एक सुचलं आणि सुचल्याबरोबर भीती वाटली. "तुम्ही बोलून दाखवाल? त्याच्यासारखं, बाजूनं बसून? दोन्ही शब्द?"

म्हातारीनं खिडकीचा पडदा सारला, खुर्ची आडवी केली, आणि अर्धा चेहरा उजेडात धरला.

"पेटवा," ती म्हणाली. शेवटी खालचा ओठ वर दातांना टेकला आणि तोंड उघडं राहिलं. गाल सैल.

"आता दुसरा."

तिला तो शब्द लवकर निघेना. "पेटलंय." तोंड बाजूला ताणलं गेलं, ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर एक घडी पडली.

"वळता वळता म्हणा. घाईत. परत."

नटीच ती. डोळ्यांतून पाणी चाललं असताना तिनं मान वळवून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हटला, आधी एक, मग दुसरा, आणि रफूवालीनं ओठ सोडून गालाकडे बघितलं. मग चित्र लावायला सांगितलं. घाऱ्या आला. पे. ट. मान वळली, ओठ सावलीत गेले; पण गाल अजून उजेडात होता, आणि त्या गालावर घडी पडली. रफूवालीनं श्वास रोखून अजून एकदा पाहिलं. घडी होती. खालचा ओठ कुठेच वर गेला नव्हता.

"पेटलंय," ती म्हणाली. "तो म्हणाला, पेटलंय."

"नक्की?"

"शेवटी तोंड ताणलंय त्यानं. 'पेटवा'ला ताणत नाही. नक्की."

म्हातारीनं टीव्ही बंद केला. रफूवालीला वाटलं ती रडेल, हात धरेल, काहीतरी करेल. ती फक्त काळ्या काचेकडे बघत बसली. "मग मी केलं काय इतकी वर्षं," ती म्हणाली. विचारत नव्हती.

घाऱ्याची बायको हयात होती. पुढच्या आठवड्यात म्हातारी तिच्याकडे गेली, आणि एकटीनं जायचा धीर होईना म्हणून रफूवालीलाही नेलं. वरच्या मजल्यावरची लहानशी जागा. बायकोनं दार उघडलं, काठीकडे पाहिलं, पायघोळ झग्याकडे पाहिलं, आणि ओळखलं. दार अर्धंच धरून ती उभी राहिली. आत घेण्याचं लक्षण दिसेना.

म्हातारीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. सिनेमाचं, शब्दाचं, गालावरच्या घडीचं. बायको ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि तेच रफूवालीला सहन होईना; जिथे काही हलत नाही तिथे तिला काही कळायचं नाही.

"हे मला त्याच दिवशी कळलं होतं," बायको शेवटी म्हणाली. "हाताला पट्टी बांधून घरी आला तेव्हा. काचेनं शिरा तुटल्या होत्या. त्यानंतर त्याची उजवी मूठ मिटली नाही. शर्टाची बटणं मी लावायची. लोक म्हणायचे, काय भयंकर हात धरतो हा नट, वाकडा! तो अभिनय नव्हता, बाई."

"मी चुकले," म्हातारी म्हणाली.

"मला सांगून काय उपयोग? मी कधी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं नव्हतं."

म्हातारी काठीवर वाकली. रफूवालीला वाटलं, आता दार बंद होणार. पण बायको तिच्याकडे वळली होती. "तुम्ही वाचलंत ते?"

"हो."

"पेटलंयच्या पुढे काय म्हणाला?"

"पुढे पाठ फिरवलीय. दिसत नाही."

बायकोनं जरा विचार केला. "शिवी दिली असणार," ती म्हणाली. "तापला की आधी शिवी. कुणाचीच आई सोडायचा नाही."

"मला तर कधी दिली नाही," म्हातारी चाचरत म्हणाली.

"तुम्हाला कशाला देईल? दिग्दर्शकाला दिली असेल. दिग्दर्शकाला तर घरीही द्यायचा, जेवता जेवता." तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला, अगदी थोडा. मग तिनं दार सोडलं आणि आत वळली. "त्या पायांनी किती वेळ उभ्या राहणार? या. बसा."

रफूवालीला हे शेवटचं दिसलं नाही, कारण बायकोची पाठ होती. म्हातारीनंच तिचं तोंड आपल्याकडे वळवून, एकेक शब्द सुटा करून, तिला सांगितलं.